कानावरची इंग्रजी

अक्कांनी आयुष्यात इंग्रजीचं एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. ‘थ्रू’ हा शब्द मी त्यांना पहिल्यांदा कागदावर लिहून दाखवला, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, “एवढी अक्षरं? अन् यातली बोलायची किती?” हा शब्द दिवसातून शंभरदा त्यांच्या तोंडून जायचा. ‘पुटिंग यू थ्रू, सर’ हे त्या इतक्या सहज म्हणत की पलीकडचा माणूस त्यांना मुंबईत वाढलेली बाई समजे. त्या शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातल्या होत्या. मॅट्रिक झालेल्या. त्यांची सगळी इंग्रजी कानाने आलेली होती.

जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर त्या सुपरवायझर होत्या. ज्यांनी सकाळी मुंबईचा ट्रंक कॉल नोंदवून दिवे लागेपर्यंत फोनशेजारी वाट पाहिली आहे, त्यांना त्या बोर्डाची किंमत सांगायला नको. उंच लाकडी फळी, तिच्यावर ओळीने भोकं, समोर दोऱ्यांसारख्या कॉर्ड्स. एका गावाची कॉर्ड दुसऱ्या गावाच्या भोकात खोचली की दोन माणसं एकमेकांशी बोलू शकत. आम्ही सहा-सात मुली डोक्याला हेडसेट लावून रांगेत बसायचो आणि आमच्या मागे, जरा उंच खुर्चीवर, अक्का. आम्ही त्यांना तोंडावर अक्का म्हणायचो आणि पाठीमागे ‘थ्रू अक्का’. त्यांना ते माहीत होतं.

मी चौऱ्याऐंशी साली तिथे लागले. असोद्याची, शेतकऱ्याघरची मुलगी, इंग्रजी घेऊन बी.ए., तेही पहिल्या वर्गात. निबंध पाठ, कवितांची रसग्रहणं पाठ. त्यामुळे पहिल्या दिवशी मी बोर्डावर बसले ती थोडी ताठच. तासाभरात भुसावळच्या रेल्वेच्या एका साहेबांचा कॉल आला. लाइनवर खरखर होती. ते ओरडले, “आय कान्ट मेक आउट अ वर्ड.” मी घाबरले. ‘मेक’ म्हणजे बनवणे एवढं मला येत होतं. मी अदबीनं विचारलं, “व्हॉट शाल आय मेक, सर?”

पलीकडून साहेबांचा आवाज चढला. तेवढ्यात अक्कांनी माझ्या जागेच्या दुसऱ्या भोकात आपल्या हेडसेटची पिन खोचली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “सॉरी सर, शी विल स्पीक अप. प्लीज गो अहेड.” साहेब निवळले. अक्का माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “त्याला तुझं बोलणं उमगत नव्हतं. मोठ्यानं बोल, एवढंच.” बाकीच्या मुली तोंडावर पदर धरून हसत होत्या. अक्का हसल्या नाहीत. नव्या मुलीच्या चुकीला त्या कधीच हसत नसत.

त्याच दुपारी डबा खाताना त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. अर्धी भाकरी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवून म्हणाल्या, “तुझी इंग्रजी मोठ्या मोठ्या शब्दांची आहे. माणसं बोलतात ती इंग्रजी धाकला शब्दसमा शे.” ऑफिसात त्या शुद्ध बोलायच्या. मायेनं काही सांगायचं असलं की मात्र त्यांची अहिराणी आपोआप यायची. “अप, आउट, ऑन, थ्रू. हे धाकले शब्द ज्याला कळले त्याला बठ्ठं कळलं.”

मी म्हटलं, “पण अक्का, हे पाठ करायचे तर किती आहेत. आणि अर्थाचा काही मेळ नाही.”

“मेळ नाही कसा?” त्यांनी घास हातातच ठेवला. “‘बोलला’ आणि ‘बोलून गेला’ एकच का?”

“नाही.”

“‘बोलून गेला’ म्हणजे नकळत तोंडातून निघालं. ‘बोलून बसला’ म्हणजे बोलला आणि आता पस्तावतोय. ‘बोलून टाकलं’ म्हणजे मनावरचं उतरलं. बोलणं तेच, मागचा शब्द बदलला की माणूस बदलला. हे तुला कोणत्या सरांनी शिकवलं?”

“कोणीच नाही. घरी ऐकून आलं.”

“मग त्यांचं बी तसंच शे. ‘गिव’ म्हणजे देणं, ते सोड. ‘गिव अप’ म्हणजे नाद सोडणं. ‘गिव इन’ म्हणजे समोरच्यापुढे नमणं. तू पुढचा शब्द धरून बसतेस. मागचा धर.”

कॉलेजच्या तीन वर्षांत मी व्याकरणाच्या याद्या घोकल्या होत्या. या बाईंनी भाकरीचा घास हातात धरून मला इंग्रजीबरोबर माझी मराठीही उलगडून दाखवली. मी खरंच जेवायची थांबले. हे त्यांनी कुठे वाचलं असेल म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “वाचायचं काय त्यात? पंधरा वर्षं ऐकतेय.”

त्यांच्याकडे एक लांब वही होती. तिच्यात इंग्रजी शब्द देवनागरीत आणि समोर अर्थाऐवजी प्रसंग. ‘रन आउट ऑफ’ – पाहुणे आले आणि घरात साखर नाही. ‘टर्न अप’ – बोलावलं नव्हतं तरी आला. सोसून घेण्याचा ‘पुट अप विथ’ – पुढे त्यांनी फक्त लिहिलं होतं, ‘सासूबाई’. रोज त्या मला एक शब्द द्यायच्या आणि ड्युटी संपायच्या आत तो तीनदा खऱ्या माणसाशी बोलताना वापरायचा, अशी अट. परीक्षेत लिहिलेलं विसरतं, बोललेलं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ती अट घरीही पाळू लागले. एकदा असोद्याला आईला म्हटलं, “आई, तेल रन आउट झालं गं.” आई म्हणाली, “कुठे पळालं?”

अक्कांच्या कानाची आम्हाला भीती वाटावी इतकी कमाल होती. पलीकडच्या माणसाने ‘हॅलो’ म्हटलं की त्यांना कळायचं, हा घाईत आहे की रडून आलाय. कापसाचे व्यापारी, दीपनगरच्या वीज केंद्राचे इंजिनिअर, ऑर्डनन्स फॅक्टरीचे अधिकारी, दिल्लीला केळी पाठवणारे शेतकरी, सगळ्यांचे आवाज त्यांना ठाऊक. एकदा एका मारवाडी शेटजींनी नुसता नंबर सांगितला आणि अक्कांनी त्यांचा कॉल रांगेतून पुढे काढला. नंतर समजलं, त्यांची मुलगी बाळंतपणात अडली होती. शेटजी त्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते.

इतकं ऐकणारी बाई, पण तिच्या तोंडून गावातली एक गोष्ट कधी बाहेर आली नाही. नोकरीला लागताना आम्ही प्रत्येकीनं शपथेवर सही केलेली असायची, की लोकांच्या बोलण्यात पडणार नाही आणि कानावर आलेलं बाहेर सांगणार नाही. लाइन चालू आहे की नाही ते पाहण्यापुरतं ऐकायचं. आम्ही ती सही विसरून गेलो होतो. अक्का विसरल्या नव्हत्या. “शब्द घ्यायचे, मजकूर तिथेच ठेवायचा,” असं त्या म्हणत.

हे त्या किती काटेकोर पाळत, ते मला एकदा उशिरानं समजलं. त्यांनी एके दिवशी ‘कॉल ऑफ’ शिकवलं. म्हणजे ठरलेलं रद्द करणं. त्या सुमारास गावातल्या एका मोठ्या घरातलं ठरलेलं लग्न मोडल्याची कुजबुज होती. मी लगेच म्हटलं, “अक्का, हा शब्द त्यांच्याच फोनवरचा ना?” त्या म्हणाल्या, “हा शब्द मी मागच्या वर्षी ऐकलेला आहे. नवा शब्द मी वर्षभर कुणाला देत नाही. ताज्या शब्दाला घरचा वास असतो. तो उडू द्यावा लागतो.” मी खाली मान घातली. वहीत लिहायच्या आधी त्या शब्द महिनोन्‌महिने नुसते डोक्यात ठेवत, तेही त्याचसाठी.

आणि अशा या बाईंनी एका दुपारी ती शपथ मोडली. ती माझ्याच जागेवर मोडली.

आमच्या असोद्याच्या गल्लीत पंढरीआबा म्हणून एक होते. त्यांचा मुलगा सुरेश भुसावळ रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याला मार लागला. त्याला रेल्वेने मुंबईला नेलं. सोबत त्याचा मामा गेला. आबांची बायको घरी अंथरुणाला खिळलेली, म्हणून आबा मागे राहिले. ऑपरेशन झालं, पण मुलगा शुद्धीवर येत नव्हता. आबा रोज सकाळी एस.टी.ने एक्स्चेंजवर यायचे, बाहेरच्या काचेच्या केबिनजवळ बसायचे आणि मुंबईचा कॉल लागला की आत जाऊन मामाशी बोलायचे. रोज एकच उत्तर, “अजून तसाच आहे.”

त्या दिवशी कॉल लागला तो दुपारी तीनच्या सुमारास. मामा औषध आणायला खाली गेला होता. वॉर्डातला फोन एका डॉक्टरने घेतला. त्याला मराठीही येत नव्हती आणि हिंदीही. आबांनी विचारलं, “सुरेश कसा आहे?” नाव ऐकून डॉक्टर इंग्रजीत बोलू लागला. मी लाइन तपासायला किल्ली दाबली आणि ऐकलं, “ही हॅज पुल्ड थ्रू. ही केम आउट ऑफ इट धिस मॉर्निंग.”

आबांना इंग्रजीतला एकच शब्द येत होता. तो त्यांनी रेडिओवर क्रिकेट ऐकताना शिकलेला.

“आउट?” ते म्हणाले. “आउट म्हंजे? गेला का हो डाक्टर माहा पोरगा?”

“येस, येस,” डॉक्टर म्हणाला. “आउट ऑफ इट.”

मला त्या वाक्यांतला प्रत्येक शब्द येत होता. पुल म्हणजे ओढणे. थ्रू म्हणजे मधून. पण मुलगा आहे की गेला, ते मला कळेना. आबा त्या केबिनमध्ये रडायला लागले होते. मोठ्यानं नाही. धाप लागल्यासारखा तो आवाज माझ्या कानात येत होता आणि पलीकडून डॉक्टर “हॅलो, हॅलो” म्हणत होता. तो कोणत्याही क्षणी फोन ठेवणार होता. नियमाप्रमाणे मला बोलायची मुभा नव्हती, आणि मुभा असती तरी सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मी फक्त हात वर केला.

अक्का आल्या, पिन खोचली, आणि डॉक्टर पुन्हा “पुल्ड थ्रू, आउट ऑफ इट धिस मॉर्निंग” म्हणाला ते त्यांनीही ऐकलं. त्यांनी विचार करायला वेळ घेतला असं मला दिसलं नाही. किल्ली दाबून त्या बोलल्या आणि बोलल्या त्या अहिराणीत.

“आबा, ऐका. तुमना पोऱ्या वाची गया. आज सकायले शुद्धीवर ऊना.”

मग आबांचा आवाज, “कोन बोलतं?”

“कोणी का असेना. वाची गया आबा, घाबरू नका.” लगेच डॉक्टरला म्हणाल्या, “डॉक्टर, डोन्ट हँग अप. द फादर थॉट ही पास्ड अवे.”

डॉक्टर “ओ, नो, नो” म्हणत राहिला. अक्कांनी त्याला विचारलं, मुलगा बोलतो का. तो म्हणाला, बोलतो, सकाळी त्याने चहा मागितला. अक्कांनी ते आबांना सांगितलं आणि विचारलं, घरी चहा कसा पितो तो? आबा म्हणाले, “गुळाचा.” तिथे लाइन तुटली.

अक्कांनी पिन काढली, पदराने कपाळ पुसलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी म्हटलं, “अक्का, बाहेर जाऊन आबांना भेटा ना.” त्या म्हणाल्या, “मी कशाला? त्याला निरोप मिळाला.” दोन दिवसांनी आबा केळीचा घड खांद्यावर घेऊन त्या बाईंना शोधत आले. अक्कांनी शिपायाकडून सांगून पाठवलं की अशी कोणी बाई इथे नाही. घड आबांनी पायरीवर ठेवला आणि ते गेले.

पण मला त्याहून मोठा धक्का बसला होता तो कॉलच्याच दिवशी, ड्युटी संपताना. सुपरवायझरकडे रोजची एक नोंदवही असायची. किती लाइन बंद, किती कॉल रद्द, वगैरे. ती उघडून अक्कांनी मला हाक मारली.

“पुष्पे, ‘कट इन’ कसं लिहितात?”

मी स्पेलिंग सांगितलं. त्या सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत होत्या. मी वाकून पाहिलं. त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं, ‘मुंबईच्या कॉलमध्ये मी मध्येच बोलले, फोन करणाऱ्या पार्टीला निरोप समजत नव्हता, निर्णय माझा.’

“अक्का, हे कशाला लिहिता? कुणाला कळणार आहे?”

“घडलं ना? मग लिहायचं.”

“मग माझं नाव पण घाला. जागा माझी होती.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “तू काय बोललीस?”

“काहीच नाही.”

“मग तुझं काय लिहू?”

त्या रागानं बोलल्या नाहीत. नुसतं विचारलं. पण ते वाक्य माझ्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. पुढे कितीतरी वर्षं, कुठे बोलायला हवं होतं आणि मी गप्प राहिले, की तेच वाक्य मला ऐकू येई.

चौकशी झाली. ऑपरेटर लोकांचं बोलणं ऐकतात अशा तक्रारी त्या वर्षी वाढल्या होत्या, त्यामुळे आमच्या एक्स्चेंजच्या साहेबांनाही गप्प बसणं शक्य नव्हतं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी अक्कांना बोलावून म्हटलं, “बाई, तुम्ही लिहिलंच नसतं तर मला पत्तासुद्धा लागला नसता.” अक्का म्हणाल्या, “मला लागला होता ना, साहेब.” हे त्या खोलीत चहा घेऊन गेलेल्या शिपायानं आम्हाला सांगितलं. अक्कांना लेखी ताकीद मिळाली, त्यांची उंच खुर्ची गेली आणि सहा महिन्यांनी धुळ्याला बदली झाली. तीही साध्या ऑपरेटरच्या जागेवर. त्यांचे यजमान जळगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्या धुळ्याला एक खोली घेऊन राहू लागल्या आणि शनिवारी एस.टी.ने घरी येऊ लागल्या. मला अपराधी वाटायचं. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाल्या, “उलट बरं झालं. शिंदखेडा जवळ आलं.”

त्यानंतर त्यांचा आवाज मला रोज ऐकू यायचा. जळगावहून धुळ्याला कॉल द्यायचा तर पलीकडे पुष्कळदा त्याच असत. “धुळे. गो अहेड, जळगाव.” मी कधी पुढे जाऊन “अक्का, कशा आहात?” विचारलं की उत्तर यायचं, “नंबर सांगा.” खात्याच्या लाइनवर त्या माझ्याशी एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. मी शनिवारी त्यांच्या जळगावच्या घरी गेले की मात्र गूळ-शेंगदाणे समोर ठेवून विचारायच्या, “या आठवड्यात नवं काय ऐकलंस?” आता शब्द मी त्यांना द्यायची. वर्षभर शिळे करून.

मग एस.टी.डी. आली. लोक आपलं आपण नंबर फिरवू लागले. बोर्डावरच्या रांगेतल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या आणि एक दिवस बोर्डच बंद झाला. मला बाहेरच्या चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथे कुणी काही विचारलं, मराठीत की इंग्रजीत, मी कधी अडखळले नाही. आसपासच्या मुली इंटरव्ह्यूच्या आधी बोलायला शिकायला माझ्याकडे येऊ लागल्या. मी त्यांना पुस्तक उघडू देत नाही. पहिल्या दिवशी ‘बोलून गेला’ आणि ‘बोलून बसला’ यातला फरक विचारते. त्यांचे डोळे मोठे होतात, तेव्हा मला माझा डबा आठवतो.

अक्का धुळ्यालाच निवृत्त झाल्या. यजमानही तिकडे गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या बाईंच्या घरी फोन आला तो निवृत्तीनंतर, यादीत नंबर लागल्यावर. त्यानंतर चार महिन्यांनी त्या वारल्या, म्हणून त्यांचा तो पहिला फोन मला अजून अक्षर न् अक्षर आठवतो. रविवारी सकाळी घंटी वाजली आणि पलीकडून, कुणाच्याही हातातून न जाता, सरळ त्यांचा आवाज. माझ्या लेकीची परीक्षा, त्यांच्या यजमानांचे गुडघे, धुळ्याचं ऊन, असं साधंच बोललो. हेडसेटने त्यांचा डावा कान गेला होता, म्हणून मी जरा मोठ्यानं बोलत होते. शेवटी म्हणाल्या, “बरं, ठेव आता.”

“तुम्ही ठेवा आधी,” मी म्हटलं.

“नाही, तू ठेव.”

बोर्डावर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असायचं, की दोन्हीकडची माणसं फोन ठेवेपर्यंत कॉर्ड ओढायची नाही. दोघीही तशाच धरून बसलो. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“पुष्पे, शेस का?”

“आहे अक्का.”

“माले वाटनं कट झाया.”

“नाही. आहे मी.”

मग पुन्हा दोघी गप्प. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. दारात दूधवाला येऊन उभा राहिला, भांडं मागू लागला. “अक्का, ठेवते,” म्हटलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. तो खाली जाईपर्यंत मी कान देऊन होते. पलीकडे त्यांनी ठेवल्याचा आवाज मला आला नाही.